वॅगनआरचं मागचं दार: गंज कुठून आला, रंग कुठे संपला

गाडी वॅगनआर, २०११ ची. रंग सिल्की सिल्व्हर, कोड झेड-टू-एस. जागा डावीकडचं मागचं दार, खालून वीतभर उंचीचा पट्टा. गाव चिपळूण. रंगवणारा मी. शाळेत भूगोल शिकवतो, आणि याआधी रंगाला हात लावला होता तो फक्त गणपतीच्या मखरापुरता.

या एका दारावर मी दोनदा काम केलं. पहिलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, ते एका पावसाळ्यात वाया गेलं. दुसरं फेब्रुवारी २०२५ मध्ये, ते अजून शाबूत आहे. घरी गाडी रंगवायचा विषय निघाला की सगळे कॅन किती अंतरावर धरायचा, हात कसा फिरवायचा हेच सांगतात. ते मीही सांगणार आहे, पण माझं पहिलं काम कॅन विकत आणण्याच्या आधीच बिघडलेलं होतं.

मूळ

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना सांगायला नको. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, आमच्या गल्लीत शिरली आणि गाडीच्या सीटच्या वर चढली. इंजिन, वायरिंग, सीटा, सगळं विम्यातून झालं. दारं धुऊन पुसून परत बसवली. बाहेरून गाडी इतकी स्वच्छ दिसत होती की दाराच्या आत काय राहिलं असेल हा प्रश्न कोणालाच पडला नाही, मलाही नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात त्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड दिसायला लागले. आधी मोहरीएवढे, गणपतीपर्यंत चण्याएवढे. नखाने एक फोडला तर आतून चहाच्या चोथ्यासारखा गंज पडला. गॅरेजमध्ये विचारलं, पूर्ण दाराचे साडेचार हजार सांगितले. मनात म्हटलं, वीतभर जागेला साडेचार हजार? स्प्रेचा कॅन मिळतो साडेचारशेला.

दिवाळीच्या सुट्टीतलं काम

सामान आणलं: तारेचा ब्रश, ८०, ३२० आणि ६०० नंबरचा घासायचा पेपर, मेटल पेस्टचा डबा (जुने रंगारी याला सरसकट लांबीच म्हणतात), प्रायमरचा एक कॅन, तयार सिल्व्हरचा एक, क्लिअरचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) एक. एकूण चौदाशे रुपये.

गंज तारेने घासला. वरवरचा निघाला, तांबूस डाग राहिले, त्यांच्यावर लांबी भरली. लांबीत हार्डनर मिसळायचा असतो तो वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. लवकर वाळावी म्हणून मी बोराएवढा घातला. चार मिनिटांत पत्र्याच्या तुकड्यावरच ती चिक्कीसारखी कडक झाली. दुसऱ्या खेपेला कमी घातला, पण तरी जास्तच. जादा हार्डनर लांबीत तसाच पडून राहतो आणि पुढे वरच्या रंगात उतरतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. महिनाभराने सिल्व्हरमध्ये पिवळसर ढग दिसले ते त्याचे.

त्यानंतर लांबी पाण्याने घासली. फरशीवाले पाणी ओतून घासतात, पेपरवर ‘वॉटर पेपर’ असं छापलेलं असतं, मग पाणी घ्यायचंच असणार असा माझा तर्क. लांबी पाणी पिते. रंगाखाली ते पाणी कोंडलं की खालचा पत्रा निवांत गंजत बसतो. लांबी कोरडीच घासायची. पाणी वापरायचं ते वरच्या थरांना, आणि तेही मग उन्हात पूर्ण वाळू द्यायचं.

रंग मारायला बसलो ती वसुबारसेची संध्याकाळ. दिवसभर पाहुणे होते, म्हणून पाच वाजता सुरुवात. सिल्व्हरचे पहिले दोन हात बरे गेले. मधे तीन ठिकाणी रंग आपोआप बाजूला सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले. आदल्या रविवारी डॅशबोर्ड आणि टायरला पॉलिश केलं होतं. त्यातलं सिलिकॉन दारावर उडालेलं असणार, आणि मी दार पुसलं होतं ते फडक्याने, नुसत्या पाण्यात बुडवून. तिसऱ्या हाताला घाई केली, खालच्या कडेला ओघळ आला. मग क्लिअर. क्लिअर मारून दहा मिनिटं झाली आणि दार पांढुरकं पडायला लागलं, चष्म्यावर वाफ धरावी तसं.

भूगोलाच्या शिक्षकाला याचं कारण दुसऱ्याकडून कळावं यासारखी नामुष्की नाही. क्लिअरमधलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पत्रा गार होतो. कोकणातल्या नोव्हेंबरच्या संध्याकाळी हवा आधीच दमट. पत्रा दवबिंदूच्या खाली गेला की हवेतली वाफ ओल्या क्लिअरवर बसते आणि त्यात अडकते. दवबिंदूची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात क्लिअरचा एक पातळ हात दिला तेव्हा पांढुरकेपणा पुष्कळसा विरघळला, सगळा नाही.

आणि एक गोष्ट त्या वेळी लक्षातच आली नाही, आता आठवली की पोटात गोळा येतो. मी दाराशी उकिडवा बसून फवारत होतो आणि दहा-बारा फुटांवर तुळशीपाशी आईने पणत्या लावल्या होत्या. कॅनमध्ये रंग ढकलायला जो वायू भरतात तो बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा असतो, पेट घेणारा आणि हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरतो. वारा तुळशीकडून माझ्याकडे होता, म्हणून निभावलं.

हे सगळे दोष दिसणारे होते. खरा घोटाळा दिवाळीत दिसतच नव्हता. फोड जिथे होते तेवढ्यावरच रंग मारायचा आणि कडेला विरत न्यायचा, असं मी केलं होतं. सिल्व्हर विरतो. क्लिअर विरत नाही, तो जुन्या क्लिअरवर नुसता पातळ पापुद्रा होऊन बसतो. दाराच्या मधोमध, सपाट जागी, ढगाच्या कडेसारखी एक रेघ राहिली. मार्चपर्यंत ती नखाला लागायला लागली, मेमध्ये गाडी धुताना तिथून पापुद्रा उचलला गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत त्याच जागी फोड परत. या वेळी लांबीसकट.

दार उघडल्यावर

गावात एक पेंटर आहेत. चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या, आता गुडघे गेले म्हणून फक्त ओळखीच्यांची कामं घेतात. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्यांना सगळे मामा म्हणतात. रंगाच्या कामाला त्यांच्या तोंडी अजून ‘ड्युको’ हाच शब्द. हे अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या रंगाचं नाव. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस जायचे, तो काही तासांत वाळू लागला आणि कारखान्यांचं अडलेलं काम सुटलं. रंग इतिहासजमा झाला, नाव आमच्या मामांपर्यंत आलं.

मामांनी दार बघितलं, खाली वाकले आणि कडेखालून बोट फिरवलं. विचारलं, “सर, याची भोकं कुठायत?”

“कसली भोकं?”

“पाणी जायची.”

मला वाटायचं दारात पाणी शिरतच नाही. काचेला रबर असतं ना! प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दारात पावसाचं पाणी शिरतं, काचेवरून ओघळून रबराच्या फटीतून आत उतरतं. ते तसं धरूनच दार बनवलेलं असतं. खालच्या कडेला दोन-तीन लांबट भोकं ठेवलेली असतात, त्यांतून ते बाहेर पडतं. माझ्या दाराची तिन्ही भोकं बंद होती.

आतलं पॅनेल काढलं. हँडलमागचा स्क्रू, स्विच, मग कडेने प्लास्टिकच्या क्लिपा. दोन तुटल्या. त्यामागचा प्लास्टिकचा पडदा सोडवला आणि टॉर्च मारला. दाराच्या तळाशी पुराचा गाळ होता, साडेतीन वर्षांचा, वाळून वीट झालेला, आणि वरून अजून ओलसर. सायकलच्या तारेने भोकं उघडली आणि गाळ खरवडून काढला. आमटीची वाटी भरली. इतकी वर्षं हा गाळ स्पंजसारखा पाणी धरून पत्र्याला चिकटून होता. गंज आतून बाहेर येत होता आणि मी बाहेरून लांबी भरत होतो.

दाराच्या खाली बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, साडीला फॉल लावताना कड दुमडतात तसा. गंज त्या घडीतच सुरू होतो. मामांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवत कडेने नेलं. दोन ठिकाणी ते आरपार गेलं.

भोकावर लांबी चालत नाही. समोरून कितीही गुळगुळीत केली तरी मागून ती उघडीच राहते, आणि मागून पाणी पिते. तेवढा पत्रा कापून तिथे नवा तुकडा लावणं हाच उपाय, आणि ते घरचं काम नाही. मामांच्या ओळखीच्या डेंटरने सीओटू वेल्डिंगने दोन तुकडे लावले. सातशे रुपये.

दुसरा प्रयत्न

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतले तीन रविवार. सकाळी अकरा ते तीन, पडवीच्या सावलीत. पत्रा तापलेला असला की रंगाची वरची साय आधी धरते आणि खालचं थिनर बुडबुडे काढत बाहेर येतं, म्हणून ऊन नको. संध्याकाळ का नको ते वर आलंच आहे.

पहिल्या रविवारी उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर दिला, ब्रशने. यावर लोक हसतात. पण तो पुढे घासायचाच असतो, मग ब्रशच्या रेघा राहतात कुठे? ब्रशने तो वेल्डिंगच्या सांध्यात नीट बसतो आणि गल्लीभर उडत नाही. पत्र्याला ओलाव्यापासून तोडणारा थर हाच. लांबी त्याच्यावर.

लांबी या खेपेला पातळ भरली आणि ठोकळ्यावर पेपर गुंडाळून कोरडी घासली, आधी ८०, मग १८०, मग ३२०. बोटांनी पेपर दाबला की बोटांच्या पन्हळी उठतात, ठोकळा हवाच. डोळ्याला दार सपाट दिसत होतं. मामा म्हणाले, “डोळे मिटा आणि हात फिरवा.” तळव्याखाली वर्तमानपत्राचा कागद धरून हात लांबवर फिरवायचा, म्हणजे कातडी घसरते आणि उंचवटा लागतो. लागला. रुपयाएवढा, वेल्डिंगच्या जागी. प्रायमरखाली तो कोणालाच दिसला नसता. सिल्व्हरखाली रस्त्यापलीकडून दिसला असता, कारण चकचकीत रंग आरशासारखा वागतो.

वर प्रायमरचे तीन हात, आणि त्यावर काळ्या स्प्रेची नुसती धूळ. ही धूळ या सगळ्या उद्योगातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. दूरून, अगदी विरळ, दारावर मिरपूड भुरभुरवल्यासारखी. मग ६०० च्या पेपरने घासायचं. उंच जागेवरचं काळं लगेच निघतं, खोलगट जागेत आणि जुन्या ओरखड्यात ते बसून राहतं. बघताबघता दारावर चढउतारांचा नकाशा उमटतो. मी समोच्च रेषा शिकवणारा माणूस, अर्धा तास नुसता तो नकाशा वाचत बसलो होतो. काळं पूर्ण गेलं की सपाट. कुठे काळं गेलंच नाही आणि प्रायमर फाटून खालची लांबी दिसायला लागली, तर तिथे परत प्रायमर.

आता रंग कुठे संपवायचा. पहिल्या खेपेला हा प्रश्न पडलाच नव्हता. गॅरेजवाले पूर्ण दाराचे पैसे सांगतात ते लुटायला नाही, क्लिअर दाराच्या कडेपर्यंत न्यावा लागतो म्हणून. तो मधे कुठेही थांबवला तर कधी ना कधी रेघ दिसणार. पण पूर्ण दार घेतलं तर दुसरी पंचाईत. सिल्व्हरमधल्या ॲल्युमिनियमच्या कणांनी रंगाची छटा ठरते. ओला हात बसला तर कण आत निजतात आणि रंग गडद दिसतो, सुका बसला तर उजळ. एकाच कॅनमधून दोन माणसांनी मारलेला सिल्व्हर दोन रंगांचा दिसू शकतो. पूर्ण दार माझ्या हातचं आणि शेजारचं पुढचं दार कारखान्यातलं, म्हणजे फरक डोळ्यांच्या उंचीवर. मुरलेला पेंटर अशा वेळी सिल्व्हर शेजारच्या दारावरही थोडा विरत नेतो आणि मग दोन्ही दारांना अखंड क्लिअर देतो. माझी तेवढी छाती नव्हती. पांढरी गाडी असती तर हा सगळा परिच्छेद लिहावा लागला नसता. पहिल्यांदा करणाऱ्याने सिल्व्हरच्या वाटेला जाऊ नये, पण गाडी आधीच घेतलेली असते.

सुटका केली एका रबरी पट्टीने. दारांच्या मध्यावर, दुसऱ्या गाडीचं दार आपटू नये म्हणून, मी कधीतरी बाजारातून आणून चार बोटं रुंद काळी पट्टी चिकटवली होती. हेअर ड्रायरने गरम करून आणि मागून गळाची नायलॉन दोरी ओढत ती सोडवली. तिच्या जागेच्या मधोमध मास्किंग टेप लावला. रंग आणि क्लिअर दोन्ही तिथे संपतील आणि वर पट्टी परत बसेल. खालचा अर्धा भाग माझा, वरचा कारखान्याचा, मधली सीमा पट्टीखाली. बाकी तिन्ही बाजूंना दाराची स्वतःची कडच आहे.

कॅन या वेळी तयार घेतले नाहीत. पुण्याहून गाडीच्या कोडप्रमाणे रंग बनवून दोन कॅन भरून आणले, तेराशे रुपये. तरी आधी पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर मारून, वाळवून, गाडीला लावून उन्हात पाहिलं. जवळजवळ तोच. दार आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं, एक फडकं ओलं आणि लगेच मागून दुसरं कोरडं.

कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला आणि आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवला. वीतभर अंतर. हात दाराला समांतर, पंख्यासारखा गोल नाही. फवारा दाराबाहेर सुरू करायचा, दाराबाहेर संपवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका विरळ की आपण काही केलंच नाही असं वाटावं. दर हाताला पंधरा मिनिटं थांबायचं, आणि थांबायला जमत नसेल तर हातात काहीतरी घ्यायचं. मी नववीचे पेपर तपासले. चार हातांत रंग झाकला गेला. शेवटचा अर्धा हात जरा लांबून मारला, त्याने पट्ट्यांचा चट्टेपट्टेपणा मोडतो.

क्लिअर मी मारला नाही. कॅनमधला साधा क्लिअर मऊ राहतो, पेट्रोलचा थेंब पडला तरी डाग धरतो. टिकाऊ तो दोन घटकांचा, हार्डनरवाला. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासातून गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोडक्यानेही ॲटॅक येतो. वास इतका कमी की नाक सावध करत नाही. कोविडमधला मास्क इथे निरुपयोगी, आणि कार्ट्रिजच्या (हवा गाळणारी डबी लावलेल्या) मास्कवरही विसंबता येत नाही, कारण तो कधी संपला हे कळत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क हवा. आमची पडवी, वर आईची खोली, शेजाऱ्यांची खिडकी सहा फुटांवर. विषय संपला.

त्याच दुपारी गाडी मामांच्या शेडमध्ये नेली. वीस मिनिटांत दोन हात, आठशे रुपये. स्प्रे गन भरता भरता मामांनी खिशातला रुमाल काढून तोंडाला बांधला. मी आयसोसायनेटचं सांगितलं. ते म्हणाले, “सर, चाळीस वर्षं हाच आहे.” त्यांना जिना चढताना धाप लागते, ती गुडघ्यांमुळे असं ते सांगतात. पुढच्या आठवड्यात मी त्यांना कार्ट्रिजचा मास्क नेऊन दिला. अपुरा आहे हे माहीत होतं, तरी रुमालापेक्षा बरा. शेडमध्ये खिळ्याला टांगलेला दिसतो.

दारातल्या पोकळीत, घडीच्या कडेने, गंज रोखणारं मेण नळीने फवारून घेतलं. हे रंगकामाच्या शेवटी, आधी नाही, नाहीतर ते झिरपून रंगाखाली येतं. भोकं सोडून. मामांनी ते दोनदा बजावलं.

हिशेब

दुसऱ्या खेपेचा खर्च: वेल्डिंग ७००, इपॉक्सी ६००, लांबी-पेपर-टेप ४५०, रंग १,३००, क्लिअर ८००. एकूण ३,८५०. मेण मामांच्या डब्यातलं उरलेलं, त्याचे त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीतले १,४०० धरले तर ५,२५०, म्हणजे गॅरेजच्या आकड्यापेक्षा साडेसातशे जास्त. तीन रविवार वेगळे. हे घरी गुपित ठेवता आलेलं नाही.

आरटीओला कळवावं लागतं का, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. आहे त्याच रंगात रंगवायला काही लागत नाही. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद बदलून घ्यावी लागते. आणि ऑलिव्ह ग्रीनचा मोह झाला तर तो आवरा, तो रंग नियमाने लष्कराच्या गाड्यांसाठी राखलेला आहे.

पट्टीखालची रेघ कोणाला सापडलेली नाही. पुढच्या आणि मागच्या दाराच्या फटीशी, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, मागून उभं राहिलं तर माझा खालचा भाग किंचित गडद दिसतो. ओले हात जरा जास्तच ओले पडले. वेल्डिंगच्या जागी काही नाही.

२०२५ चा पावसाळा मेमध्येच सुरू झाला. पहिल्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन बाहेर गेलो आणि दाराशी वाकून पाहिलं. तिन्ही भोकांतून पाणी टपकत होतं, मधल्यातून जरा जोरात. मग उरलेली तीन दारं पाहिली. उजवीकडच्या पुढच्या दारातून काहीच पडत नव्हतं. घरात गेलो आणि सायकलची तार शोधायला लागलो.